ऑनलाइन लिलावात नाणी-तिकिटं विकणाऱ्यांचा थकवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॉट्सअॅप आणि फेसबुकच्या गटांत जुनी नाणी, नोटा, टपाल तिकिटं यांचे लिलाव घेणारे शेकडो छोटे विक्रेते आहेत. बहुतेक जण नोकरी किंवा घर सांभाळून एकट्याने हे काम करतात. फोटो काढणारा, बोली मोजणारा, बिल करणारा, पाकीट चिकटवणारा आणि पोस्टाच्या रांगेत उभा राहणारा माणूस एकच असतो. वर्ष-दोन वर्षांत त्यातले बरेच जण थकून गटातून निघून जातात, आणि त्यांच्याबरोबर त्यांचं जाणकारीचं ज्ञानही जातं. ही उत्तरं त्यांच्यासाठी आहेत.

हा थकवा म्हणजे नुसता कंटाळा की आणखी काही?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात (आयसीडी-११) कामाच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून येणाऱ्या या अवस्थेची नोंद आहे. तिथे हा आजार मानलेला नाही, कामाशी जोडलेली अवस्था मानली आहे. तिच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: शक्ती संपून जाणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही अशी भावना.

लिलाववाल्याच्या बाबतीत या खुणा फार ओळखीच्या रूपात दिसतात. फोन वाजला की पोटात गोळा येतो. एखाद्याने साधं ‘मागच्या बाजूचा फोटो पाठवा’ म्हटलं तरी राग येतो. तिसरी खूण सगळ्यात महाग पडते. तिकिटाची मागची बाजू न पाहता ‘एमएनएच’ (मूळ गोंद शाबूत, कधी न चिकटवलेलं) लिहिलं जातं आणि पाकीट उघडल्यावर बिजागरीचा (अल्बममध्ये तिकीट चिकटवायच्या कागदी पट्टीचा) डाग निघतो. नाण्याला ‘एक्सएफ’ (फार कमी झिजलेलं) ग्रेड दिली जाते आणि ते साफ केलेलं निघतं. मग माल परत येतो, पैसे परत जातात आणि गटात नाव खराब होतं. आधी न होणाऱ्या अशा चुका महिन्यात दोन-तीनदा व्हायला लागल्या, तर तो थकव्याचा इशारा समजा.

दुकानदारही दिवसभर राबतो. मग लिलाव घेणाराच एवढा का थकतो?

दुकानदार भाव ठरवून शटर उघडतो आणि रात्री शटर ओढतो. लिलावात यातलं काहीच आपल्या हातात नसतं. १ रुपया बेसवर (सुरुवातीच्या बोलीवर) टाकलेला संच कधी ६०० ला जातो, कधी ४० वर थांबतो, आणि शेवटच्या मिनिटापर्यंत ते कळत नाही. बोली अनिश्चित असते, म्हणून मन सारखं फोनकडे धावतं. संध्याकाळी लिलाव नसला तरी हात गट उघडतोच.

दुसरं कारण म्हणजे लिलाव संपल्यावर खरं काम सुरू होतं: बिलं, पैशांची आठवण करून देणं, ‘उद्या पाठवतो’ म्हणणारे, पार्सल, ट्रॅकिंग नंबर. एका लिलावाची ही शेपटी सुटायच्या आत पुढच्या लिलावाचे फोटो काढायची वेळ येते. त्यामुळे काम संपलं असं कधी वाटतच नाही. आमच्या मते थकव्याचं मूळ विक्रेत्याच्या स्वभावात कमी आणि लिलावाच्या मांडणीत जास्त असतं. म्हणून पुढचे बहुतेक उपाय मांडणी बदलण्याचे आहेत.

माझे तास नेमके कुठे जातात, ते कसं शोधायचं?

दोन लिलाव होईपर्यंत वहीत वेळ लिहा. अंदाजाने सांगितलेले तास नेहमी कमी निघतात. नमुन्यासाठी एक हिशोब पाहा.

समजा आठवड्याला ४० लॉट (लॉट म्हणजे एका बोलीत विकली जाणारी वस्तू किंवा संच), सरासरी भाव १५० रुपये, म्हणजे विक्री ६,००० रुपये. फोटो आणि वर्णन प्रत्येकी ६ मिनिटं, म्हणजे ४ तास. प्रत्यक्ष लिलाव २ तास. १५ खरेदीदार, प्रत्येकाशी बिल आणि बोलणं १० मिनिटं, म्हणजे अडीच तास. पॅकिंग प्रत्येकी १२ मिनिटं, म्हणजे ३ तास. पोस्ट दीड तास, थकलेल्या पैशांच्या आठवणी १ तास. एकूण १४ तास. मालाची खरेदी ४,२०० रुपये, पॅकिंगचं साहित्य १८०, परतावा आणि नुकसान २२० धरलं, तर हातात १,४०० रुपये उरतात. तासाला १०० रुपये.

आता विक्री आणि खरेदीखर्च तेवढेच ठेवून २० लॉट, सरासरी ३०० रुपये, १० खरेदीदार असं मांडा. फोटो २ तास, लिलाव १ तास, बिलं १ तास ४० मिनिटं, पॅकिंग २ तास, पोस्ट १ तास, आठवणी २० मिनिटं. एकूण ८ तास. साहित्य १२० आणि नुकसान १८० वजा जाता १,५०० रुपये, म्हणजे तासाला सुमारे १८७. फरक पडतो तो ३०-४० रुपयांच्या फुटकळ लॉटमुळे. ३० रुपयांच्या लॉटला ३०० रुपयांच्या लॉटइतकाच वेळ लागतो. असे लॉट १० किंवा २५ च्या संचात बांधून विका.

लिलाव किती दिवसांनी घ्यावा?

एकट्या माणसाने दर १४ दिवसांनी घ्यावा. पहिल्या आठवड्यात लिलाव, बिलं आणि पार्सल. दुसऱ्या आठवड्यात निवड, फोटो आणि वर्णन. आधीच्या लिलावातलं एकही पार्सल घरात पडून असेल, तर पुढचे लॉट गटात टाकू नका. हा एक नियम पाळला तरी निम्मा गोंधळ आपोआप मिटतो.

दर आठवड्याला नाही घेतला तर ग्राहक तुटतील, ही भीती सगळ्यांना असते. ग्राहकाला ठरलेला दिवस हवा असतो. ‘दुसरा आणि चौथा शनिवार’ असं पक्कं सांगा, लोक लक्षात ठेवतात.

क्लोजिंगची वेळ कोणती ठेवावी? रात्री उशिरा बोली जास्त येते ना?

जेवणानंतर लोक मोकळे असतात हे खरं आहे, पण ११ ला बंद होणारा लिलाव विक्रेत्याला १ पर्यंत जागवतो. बोलीच्या चढाओढीनंतर मेंदू लगेच शांत होत नाही, आणि बरेच जण त्याच तिरमिरीत बिलं करायला बसतात. मध्यरात्री केलेल्या बिलात लॉट २७ चं पाकीट लॉट २१ वाल्याला जातं. एक चुकीचं पार्सल परत मागवून पुन्हा पाठवण्यात आठवडा जातो, आणि दोन्ही बाजूंचा टपालखर्च विक्रेत्यावर पडतो.

रात्री ९ ला बंद करा. ‘शेवटच्या २ मिनिटांत बोली आली तर २ मिनिटं वाढ’ हा नियम भाव वाढवतो, पण ४० लॉटवर लावला तर लिलाव मध्यरात्रीपर्यंत ओढला जातो. वाढ फक्त ५०० रुपयांपुढच्या लॉटना द्या आणि ९:३० ला सगळं थांबेल असं आधीच लिहा. वेळ होताच व्हॉट्सअॅप गटाच्या सेटिंगमध्ये ‘फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतात’ हा पर्याय लावा.

शेवटच्या सेकंदाच्या बोलीवरून होणारी भांडणं हा थकव्याचा मोठा भाग आहे. नेटवर्कमुळे दोन फोनवर संदेशांचा क्रम वेगळा दिसू शकतो, त्यामुळे दोघेही आपापल्या जागी खरे असतात. ‘विक्रेत्याच्या फोनवरचा क्रम अंतिम’ हे नियमात लिहा आणि ८:५५ पासून स्क्रीन रेकॉर्डिंग चालू ठेवा. फेसबुकवर कॉमेंट नंतर बदलता येते, म्हणून तिथे ‘बदललेली बोली बाद’ हेही लिहा.

बिलं दुसऱ्या दिवशी सकाळी करा. गटात तसं जाहीर केलं की रात्री कोणी विचारत नाही.

बोली लावून गायब होणाऱ्यांचं काय करायचं?

आठवणी करण्यात जितकं मन जळतं तितकं दुसऱ्या कशात जळत नाही, कारण आपलेच पैसे मागताना संकोच वाटतो. हे काम नियमाकडे सोपवा. बिल मिळाल्यापासून २४ तासांत पैसे. मग एकच आठवण. ४८ तास झाले की लॉट दुसऱ्या क्रमांकाच्या बिडरला, त्याच्या स्वतःच्या शेवटच्या बोलीच्या भावात. पळालेल्याने चढवलेल्या भावात दुसऱ्याला विचारू नका, ते अन्यायाचं आहे आणि त्यातून नवा वाद होतो.

नव्या बिडरला पहिल्या लिलावात एकूण ५०० रुपयांपर्यंतच बोली लावू द्या. दोनदा पैसे बुडवणाऱ्याला बाहेर काढा, मग तो कितीही जुना असो. ओळखीपाळखीत सवलत दिली की नियम गेलाच, आणि मन पुन्हा आठवणींत अडकतं.

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नका. बनावट स्क्रीनशॉट सर्रास फिरतात. स्वतःच्या बँकेच्या अॅपमध्ये जमा दिसली तरच पाकीट बांधा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर उशीर न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

‘होल्ड करा, पुढच्या वेळचं एकत्र पाठवा’ याला नाही म्हणता येत नाही.

ही मागणी अवाजवी नाही. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाली, आणि १०० रुपयांच्या तिकिटांवर टपालखर्च डोळ्यात भरतो. पण प्रत्येक होल्ड म्हणजे डोक्यात उघडी राहिलेली एक फाइल. वीस जणांचे होल्ड असले की कोणाचं काय कुठे ठेवलं, हे झोपेतही आठवत राहतं.

मर्यादा घाला: पैसे पूर्ण भरले असतील तरच होल्ड, जास्तीत जास्त ३० दिवस, एका वेळी फक्त १० जणांचे. प्रत्येकासाठी झिपची पिशवी, वर नाव, लॉट क्रमांक आणि शेवटची तारीख, आणि सगळ्या पिशव्या एकाच डब्यात. तारीख आली की टपालखर्च घेऊन पार्सल रवाना. पैसे न भरता होल्ड म्हणजे तुमच्या भांडवलावर दुसऱ्याचा संग्रह.

पॅकिंगचा वेळ आणि पाठदुखी कशी कमी करावी?

रोज थोडं-थोडं पॅकिंग करू नका. आठवड्यातून दोन ठरलेले दिवस ठेवा आणि एका बैठकीत एकच क्रिया करा. आधी सगळे पत्ते छापा, मग सगळे पुठ्ठे कापा, मग माल भरा, शेवटी चिकटपट्टी. दर वेळी कात्री, पेन, पट्टी बदलण्यातच निम्मी मिनिटं जातात. काम जमिनीवर बसून, वाकून करू नका. टेबल कोपराच्या उंचीचं हवं. भिंग लावून तिकिटांची दंती (कडेचे दाते) तपासत असाल, तर दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब, साधारण २० फुटांवर पाहा.

तिकिटं ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाच्या) पाकिटात, ते काळ्या स्टॉक कार्डावर (तिकिटं खोचायच्या पट्ट्या असलेल्या कार्डावर), दोन्ही बाजूंना पुठ्ठा आणि बाहेरून प्लास्टिक. पावसाळ्यात हे प्लास्टिक विसरलं की गोंद ओल धरतो, तिकिटं एकमेकांना चिकटतात आणि पूर्ण रक्कम परत करावी लागते. जून ते सप्टेंबर कोकणात आणि मुंबईत तिकिटांच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि मुसळधार पावसाच्या दिवशी गोंदाच्या तिकिटांना हात लावू नका. नाणी पुठ्ठ्याच्या २×२ (दोन इंची चौकोनी) होल्डरमध्ये ठेवा. स्टेपलची टोकं पक्कडीने सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा उठतो. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत नाणी फार दिवस राहिली तर हिरवट चिकट थर येतो. चांदीची नाणी पाठवण्याआधी पोस्टाच्या काउंटरवर विम्याबद्दल विचारून घ्या.

फोटो काढायचाच कंटाळा येतो. काही सोपं?

एक कायमची जागा करा: पांढरा कागद, फोनचा स्टँड आणि दोन्ही बाजूंना तिरके दोन एलईडी दिवे. सेट मांडायचा-काढायचा त्रास गेला की ४० नाणी दीड तासात होतात. पुढची बाजू, मागची बाजू आणि ०.०१ ग्रॅमच्या काट्यावरचं वजन. ब्रिटिशकालीन चांदीच्या रुपयाचं प्रमाण वजन ११.६६ ग्रॅम आहे. वजन फोटोतच दाखवलं की अर्धे प्रश्न येतच नाहीत.

‘माझ्याकडे ट्रॅक्टरवाली ५ ची नोट आहे, किती लाख देता?’ असे फोन दिवसभर येतात.

या फोनांनी जाणकार माणूसही चिडका होतो. पण बोलणारा बहुतेक वेळा गरजू असतो आणि कुठल्या तरी व्हिडिओवर विश्वास ठेवून बसलेला असतो. ट्रॅक्टरची ५ रुपयांची नोट, ७८६ चा क्रमांक, वैष्णोदेवीचं २०१२ चं नाणं, ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाचं रामदरबाराचं १८१८ चं ‘नाणं’ (ते मुळात नाणंच नाही, नंतर बनवलेलं टोकन आहे) हीच यादी पुन्हा पुन्हा येते. ‘नोंदणी फी भरा, मग लाखो मिळतील’ असं सांगून लोकांना लुबाडलं जातं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये, आपण अशा व्यवहारांत नाही आणि असं कोणतंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही, असा जाहीर इशारा दिला होता.

प्रत्येकाला नव्याने समजावत बसू नका. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये तयार उत्तर जतन करा: ‘नमस्कार. मी फोनवर किंवा फोटोवरून नाणी-नोटा घेत नाही. ट्रॅक्टरची नोट किंवा वैष्णोदेवीचं नाणं यांना लाखो रुपये मिळत नाहीत. कोणी आधी फी मागत असेल तर ती फसवणूक आहे, कृपया पैसे भरू नका.’ ५ सेकंदांत उत्तर जातं, आणि एखाद्याचे पैसेही वाचतात. लिलावाचा नंबर घरच्या नंबरापासून वेगळा ठेवा आणि तो यूट्यूबवर टाकू नका.

इबेवरून परदेशी विकणाऱ्यांना वेगळं काय लागू होतं?

भारतातलं इबेचं संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झालं. आता इथून विकणारे परदेशी ग्राहकांसाठीच विकतात, आणि त्यांचा थकवा घड्याळाचा आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रविवारी संध्याकाळी ६ वाजता संपणारा लिलाव आपल्याकडे सोमवारी सकाळी ६:३० ला संपतो, हिवाळ्यात ७:३० ला. ही वेळ खरं तर सोयीची आहे, पण प्रश्न रात्रभर येतात. रात्री सूचना बंद ठेवा आणि उत्तरांचा एकच तास सकाळी ठेवा. सुटीवर जाताना इबेची ‘टाइम अवे’ सोय वापरा.

२००८ पासून तिथे विक्रेता खरेदीदाराला नकारात्मक शेरा देऊ शकत नाही. हा असमतोल मनाला लागतो. म्हणून वर्णनात दोष आधी आणि ठळक लिहा.

एक गोष्ट निक्षून: १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी नाणी खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. ‘सगळेच पाठवतात’ म्हणून पाठवलं, की प्रत्येक पार्सल पोचेपर्यंत जीव टांगणीला लागतो. तो ताण सरळ टाळता येतो.

विकण्यापेक्षा माझी खरेदीच जास्त होते. हाही थकवाच का?

हो, आणि याकडे फार कमी लोक पाहतात. विक्रेता मुळात संग्राहक असतो. दुसऱ्याच्या लिलावात ‘स्वस्तात मिळतंय’ म्हणून घेतलेला माल कपाटात साचतो, पैसा अडकतो, आणि तो मोकळा करण्यासाठी आणखी एक लिलाव लावावा लागतो. त्यातून सुटका हवी असेल तर मागच्या महिन्यात जितकी रक्कम सुटली, त्याच्या फार तर ६० टक्के पुढच्या खरेदीला द्या. क्रेडिट कार्डावर किंवा उसनवारीने माल घेऊ नका. संग्रहाचा डबा आणि विक्रीचा डबा वेगळा ठेवा. घरखर्चासाठी आवडतं नाणं विकावं लागलं तर ते दुःख कोणत्याही हिशोबात मांडता येत नाही.

घरच्यांना मदतीला घ्यावं का?

घ्या, पण गृहीत धरू नका. जेवणाच्या टेबलावर पसरलेली पाकिटं हा बऱ्याच घरांत भांडणाचा विषय असतो. ठरलेलं एक काम, ठरलेली वेळ आणि त्याचे पैसे द्या. मुलांकडून पत्ते छापून घेतले तर त्यांनाही हिशोब कळतो. लिलावाच्या रात्री सोडून इतर दिवशी ९ नंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

डॉक्टरांकडे कधी जावं?

लिलाव थांबवूनही दोन आठवडे झोप, भूक किंवा मन ताळ्यावर येत नसेल, आवडीच्या गोष्टींतही रस उरला नसेल, छातीत धडधड होत असेल, दारू वाढली असेल, तर हा प्रश्न लिलावापुरता राहिलेला नाही. डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती २४ तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटत असेल तर हा फोन आजच करा आणि जवळच्या माणसाला सांगा. पैसे बुडाल्याची लाज वाटून गप्प राहू नका.

सुटी कशी घ्यायची म्हणजे ग्राहक नाराज होणार नाहीत?

तीन आठवडे आधी शेवटच्या लिलावाची तारीख सांगा. त्या दिवसापासून नवे होल्ड बंद. उरलेली पार्सलं पाठवून सगळे ट्रॅकिंग नंबर एकाच संदेशात द्या, मग परतीची तारीख लिहून गट अॅडमिनपुरता करा. पितृपक्षाचा पंधरवडा तसाही खरेदीला थंड असतो, तो सोयीचा. दिवाळीच्या आधी मात्र उलटं असतं: धनत्रयोदशीला चांदीच्या नाण्यांची मागणी वाढते आणि पार्सलांना उशीर लागतो. तेव्हा शेवटचा लिलाव निदान १५ दिवस आधी उरका.

कायमचं थांबायचं ठरवलं तर उरलेला माल कसा काढावा?

एक-एक लॉट लिलावात टाकून काढायला गेलात तर आणखी वर्ष जाईल. मालाचे तीन ढीग करा. १,००० रुपयांपुढच्या वस्तू एखाद्या परवानाधारक नाणे-लिलाव संस्थेकडे द्या. त्यांचं कमिशन, पैसे मिळण्याची मुदत आणि न विकलेल्या मालाचं काय होतं, हे आधी लेखी घ्या. मधला माल निश्चित किमतीच्या यादीने जुन्या ग्राहकांना द्या, बोली नाही. उरलेली सुटी तिकिटं वजनावर आणि किरकोळ नाणी मिश्र लॉटमध्ये एखाद्या व्यापाऱ्याला एकगठ्ठा विका. भाव कमी मिळेल हे धरून चला. होल्डचा डबा सगळ्यात आधी रिकामा करा, कारण त्यातला माल तुमचा नाही.